तिसऱ्याची जागा

जानकी दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून गावी आली ती परत जायचं नावच काढीना. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिची आई सुभद्रा हिंवतापाने अशी झोपली की उठली तेव्हा पायांत त्राण म्हणून उरलं नव्हतं. विहिरीवर गेली तर कठड्याला धरून उभी राहायची. घरात दुसरं माणूस नाही. जानकीचा बाप धोंडू गलबतावर तांडेल होता. एका वर्षी गलबत कौलं आणायला मंगळूरला निघालं ते पोचलंच नाही. तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली ही एकुलती मुलगी आईला टाकून घाटावर जाणार तरी कशी? कोल्हापुरात ती शंकरमामाकडे राहायची. मामाने गावाजवळच्या कट्ट्याच्या बाजाराला मोटार घेऊन येणाऱ्या एका ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला होता, की नाताळाआधी कॉलेजात हजर झाली नाहीस तर वर्ष फुकट गेलं म्हणून समज. तो निरोप शेजारच्या गंगूच्या समोरच तिला मिळाला. जानकीने तो ऐकला, आईपासून लपवला, आणि मनाशी ठरवून टाकलं की शिक्षण पुरे.

ठरवून टाकलं म्हणे! ठरवून टाकलेल्या गोष्टीसाठी कुणी रोज संध्याकाळी पडवीत पुस्तक उघडून बसतं का? ही बसायची. आत जीव तुटत होता आणि वरून पोरगी आईला सांगायची की कॉलेजात सध्या काही विशेष शिकवत नाहीत.

त्या पुस्तकात तिचा एक प्रश्न अडकून पडला होता. सुट्टी लागायच्या आधी तोंडी परीक्षेत सरांनी तो विचारला होता. अणूच्या आत इलेक्ट्रॉन जिथे वावरतात त्या जागांना ऑर्बिटल म्हणतात; आपण खोल्या म्हणू. एका खोलीत फार तर दोघं. आता इलेक्ट्रॉन सगळे ऋण भाराचे, म्हणजे जात्याच एकमेकांना लांब ढकलणारे. मग दोघं एका खोलीत राहतात ते का? जानकीने बेधडक उत्तर दिलं. दोघांचं स्पिन, म्हणजे गिरकी, उलट असतं, एकाचं वर तर दुसऱ्याचं खाली, म्हणून लोहचुंबकाच्या उलट टोकांसारखी त्यांना एकमेकांची ओढ लागते. सर हसले. कुचेष्टेने नव्हे, पण हसले. म्हणाले, तसली ओढ शोधून काढलीस तरी ती चिमूटभर, आणि ढकलणं पोतंभर. तू तर त्यांचं लग्नच लावून दिलंस की. आता सुट्टीनंतर येशील तेव्हा मला कारण सांग, प्रेमकथा नको. बाकीची मुलं खो खो हसली. जानकीला ते हसणं इतकं लागलं की दिवाळीचा फराळसुद्धा तिला गोड लागला नाही.

आता घराचंही सांगायला हवं. सुभद्रेचं घर म्हणजे अर्धं घर. उरलेलं अर्धं तिच्या थोरल्या जावेचं, हौसाबाईचं. मधे शेणाने सारवलेला कूड. भिकाजी आणि धोंडू हे भाऊ वाटणीला बसले तेव्हा माड वाटले, भांडी वाटली, आणि शेवटी राहिला आजीच्या वेळचा पाटा-वरवंटा. त्यावरून अशी जुंपली की पाटा धाकट्याकडे गेला आणि वरवंटा थोरल्याकडे. हसू नका, हट्टाला पेटलेली माणसं याहून काय काय करतात. दोघी जावांनी बाजारातून आपापला उरलेला अर्धा जोड आणला, पण नव्याचं जुन्याशी काही केल्या बसेना आणि तेव्हापासून दोन्ही घरांतलं खोबऱ्याचं वाटप जाडंभरडंच राहिलं. पुढे भिकाजीही गेला. हौसाबाईचा मुलगा बाबू मुंबईला गोदीत लागला. कुडाच्या अल्याडपल्याड एकेक बाई उरली. एकमेकींचा खोकला त्या ओळखायच्या, कुठला सर्दीचा आणि कुठला नुसता झोप न आल्याचा. बोलत मात्र नव्हत्या.

चौसष्ट सालचा मार्गशीर्ष. ग्रामदेवतेने गावपळणीचा कौल दिला. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण त्या बाजूच्या काही गावांत ही रीतच आहे. देवाने हुकूम दिला की सगळ्या गावाने घरं ओस टाकून गावाच्या शिवेबाहेर पडायचं. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारीकोतारी, कुणी मागे राहायचं नाही. शिवेपलीकडे माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या बांधायच्या, तीन रात्री तिथे काढायच्या आणि देवाने पुन्हा कौल दिला की परतायचं. तोवर गावात दिवा नाही की चूल नाही. आजारी आहे, अशक्त आहे, ही सबब देवाजवळ चालत नाही. सुभद्रेनेही ती सांगितली नाही. मुलीच्या खांद्यावर हात टाकून ती निघाली.

खाडीपलीकडे पोचल्यावर झोपड्यांच्या जागा ठरेपर्यंत माणसं काजूंच्या सावलीला टेकली. तिथे जानकीला एक मजा दिसली. एकेक घर येई आणि रिकामं झाड बघून त्याखाली पथारी टाकी. ओळखीचं, नात्याचं कुणी आधी बसलेलं असलं तरी त्याच्या झाडाखाली कुणी जाईना. झाडं संपली तेव्हा कुठे मागाहून आलेले लोक, कपाळाला आठ्या घालून का होईना, दुसऱ्याच्या सावलीत शिरले. वरच्या उघड्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, उन्हात जाऊन बसण्यापेक्षा ते बरं. जानकीला हसू आलं. सारख्या पातळीवरच्या खोल्या मोकळ्या असतील तोवर इलेक्ट्रॉन एकेकटेच राहतात, हा हुंडचा नियम तिला तोंडपाठ होता. तो असा गोधड्या आणि कोंबड्या घेऊन समोरून चालत येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

मग गावचे मानकरी आबा हातात काठी घेऊन जागा आखायला निघाले. पाण्याच्या झऱ्याजवळ, खाडीच्या कडेने, एका घराला एक जागा. आणि इथे घोटाळा झाला. देवळाच्या हिशेबात ज्या घराचा नारळ येतो ते घर. भिकाजी-धोंडूंची वाटणी तलाठ्याला ठाऊक होती, गावाला ठाऊक होती, देवाला मात्र कुणी सांगितलीच नव्हती. त्यासाठी देवळात उभं राहून गाऱ्हाणं घालावं लागतं, आम्ही भाऊ वेगळे झालो असं चारचौघांत देवाला सांगावं लागतं. थोरल्याला वाटलं धाकटा सांगेल, धाकट्याला वाटलं थोरला. लाजेपायी दोघेही गेले नाहीत. पुढे हौसाबाई दर वर्षी घराचा म्हणून एक नारळ धाडायची आणि सुभद्राही गप्प बसायची, कारण देवासमोर भांडण मांडायला तिचीही जीभ रेटत नसे. माणसांशी भांडायला ज्यांना काही वाटत नाही त्यांना देवापुढे लाज वाटते ती अशी. आबांनी एकच जागा आखली आणि पुढे सरकले.

हौसाबाई आधी पोचली होती. तिने शेजाऱ्यांकडून झावळ्या घालून घेतल्या आणि आत जाऊन बसली. सुभद्रेने आबांना दुसरी जागा मागितली. आबा म्हणाले की खालच्या सगळ्या जागा गेल्या, आता वर सडा आहे, हवा तेवढा मोकळा. सड्यावर पाणी नाही, सावली नाही, वारा झोपडी धरू देत नाही. जानकीने आईच्या कानाशी लागून हळूच सुचवलं की मोठ्या आईच्या, म्हणजे हौसाबाईच्या, झोपडीत राहू, तीन रात्रींचा तर प्रश्न. सुभद्रेने त्या झोपडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"तिच्या दारात मी पाय ठेवचंय नाय."

झालं. दोघी सड्यावर गेल्या. जानकीने जमेल तशी खोप उभी केली. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन ती खडकातली पायवाट चढायची. वर येईपर्यंत अर्धं पाणी अंगावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा डोळा चुकवून सुभद्रा स्वतः कळशी घेऊन उतरली आणि चढताना अर्ध्या वाटेत खाली बसली. कळशी गडगडत गेली. जानकी धावली तेव्हा आई खडकाला टेकून श्वास घेत होती आणि खाली झऱ्याकाठच्या झोपड्यांकडे बघत होती. मग म्हणाली, चल, खाली जाव्या.

जानकीला भरून आलं. तिला वाटलं, आता दोघी गळ्यात पडतील, इतक्या वर्षांचं साचलेलं धुऊन जाईल. कसलं काय! सुभद्रा झोपडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हौसाबाईने मान वर करून पाहिलं, आपलं गाठोडं एका अंगाला सरकवलं आणि खाडीकडे तोंड करून बसली. सुभद्रा आत शिरली आणि डोंगराकडे तोंड करून बसली. पाठीला पाठ. झोपडी एवढीशी की दोघींनी एकाच बाजूला तोंड करायचं म्हटलं असतं तर गुडघे अडकले असते आणि भांडण ठरलेलंच होतं. अशा उलट बसल्या म्हणून मावल्या. थोड्या वेळाने हौसाबाईने मागे न बघता पेजेचं भांडं मागे ढकललं. सुभद्रेनेही मागे न बघता ते घेतलं.

जानकी आपली चटई घेऊन आत वाकली. तिला वाटलं होतं की आईच्या कुशीशी थोडी जागा होईल, लहानपणी होत असे तशी. सुभद्रेने हात आडवा धरला.

"हय तिसऱ्याक जागा नाय गो. तू वर जा."

आईचं म्हणणं खरंच होतं, तिथे जागा नव्हती. तरीही जानकीला ते फार लागलं. ज्या बाईसाठी कॉलेजवर पाणी सोडलं, जिच्यासाठी पाणी वाहून मान मोडून घेतली, तिनेच सरळ वर जा म्हणावं, आणि तेही त्या मोठ्या आईच्या देखत! रागाने ती तरातरा सडा चढली.

ऊन कलायला लागलं होतं. वरून झोपडी दिसत होती, आणि पुढच्या अंगाला एकीचं लुगडं, मागच्या अंगाला दुसरीचं. जानकी रागारागाने त्यांच्याकडे बघत बसली. दोघींना ओढ लागली का? छे. एकमेकींना ढकलणं संपलं होतं का? तेही नाही, मधे कूड नव्हता तर पाठीचाच कूड केला होता त्यांनी. मग एकत्र का? तर सडा महाग पडला म्हणून. जावेचा शेजार सोसणं हे पाणी घेऊन चढण्यापेक्षा स्वस्त होतं, एवढंच.

आणि मग ती ताठ झाली. ऑक्सिजनचं हेच आहे की! एका पातळीवर तीन सारख्या खोल्या, तिघांत एकेक इलेक्ट्रॉन सुखाने राहिलेला. चौथा येतो. वरची मोकळी खोली आहे, पण फार उंच. तिथे चढायला जेवढी ऊर्जा लागते तिच्यापुढे शेजाऱ्याचं ढकलणं काहीच नाही. म्हणून तो निमूटपणे खालीच कुणाच्या तरी खोलीत शिरतो. आणि उलटं स्पिन? ते त्यांना जवळ आणत नाही. ते फक्त मुभा देतं. अगदी एकसारख्या दोघांना निसर्ग एका खोलीत राहूच देत नाही, हा पाउलीचा नियम. उलट असाल तर राहा, म्हणतो. ही ओढ नव्हे, परवानगी आहे. सर हेच विचारत होते. आणि स्पिनचे प्रकार दोनच, वर आणि खाली. म्हणजे तिसरा आला तर तो त्या दोघांतल्या कुणातरी एकासारखाच असणार, आणि मग त्याला...

इथे ती थांबली. सगळा गाव म्हणायचा की जानकी डिट्टो आईसारखी. तीच हनुवटी, तोच हट्ट.

माणसं म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हेत हे तिलाही कळत होतं. इलेक्ट्रॉनांना पाटा-वरवंट्याची आठवण नसते. पण राग ओसरला, आणि त्या रात्री सड्यावरच्या वाऱ्यात ती एकटी गाढ झोपली.

देवाने परतायचा कौल दिला तेव्हा गाव वाजतगाजत घरी आला. जानकी मात्र आईच्या पायांकडे बघत चालली होती. अंगणात शिरल्यावर हौसाबाई आपल्या दाराने आत गेली, सुभद्रा आपल्या. कूड होता तिथेच होता. दोन चुली पेटल्या, दोन धूर निघाले. जानकीचं काळीज खाली गेलं. तिने झोपडीतल्या दोघींना पाहून मनात काय काय इमले बांधले होते; दोघी एकमेकींना सांभाळतील, आपण जाऊ. आता सडा नव्हता आणि चढण नव्हती. सारख्या खोल्या मोकळ्या झाल्या की जो तो आपला वेगळा, नियमच तो. तिने पुस्तक कापडात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं.

टाकताना आई उंबऱ्यात उभी होती हे तिला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवरून येत होती. सुभद्रा कुडाशी उभी होती, एक हात कुडाला टेकून. तिने दोनदा घसा साफ केला. मग कुडाकडे तोंड करून, जानकीला कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच, तिने पलीकडे हाक मारली.

"वयनी, वरवंटो घेवन येशात?"

पलीकडची भांड्यांची खुडबुड थांबली. सुभद्रेची कुडावरची बोटं पांढरी झाली होती. तिला किती जड गेलं असेल ते! नवरा गेला तेव्हासुद्धा जी कुणापुढे वाकली नाही तिने ही हाक मारली होती, आणि पलीकडची नाही म्हणाली असती तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मग अंगणातून पावलं वाजली आणि हौसाबाई दारात उभी राहिली. काखेत तो जुना वरवंटा, तान्ह्या पोराला धरावं तसा. पाटा कुठे आहे, एवढंच तिने विचारलं.

खोबरं वाटायला बसल्या. एकीने वाटायचं, दुसरीने पाणी घालायचं. लगेच वाजलं. पाणी जास्त झालं म्हणून एक, मिरच्या कमी पडल्या म्हणून दुसरी. पण वाटप निघालं ते लोण्यासारखं मऊ. जानकीने सांगून पाहिलं की आपण आता इथेच राहणार, कॉलेजचं काही खरं नाही. सुभद्रेने मान वर केली नाही.

"नाताळाआधी जावचा हा ना तुका? गंगून सांगल्यान माका. आमी दोघी आसोव हय. तिसऱ्याक जागा नाय, सांगलंय मां तुका?"

"जा गो," हौसाबाई म्हणाली. "हिच्याकडे मी बघतंय." आणि लगेच जावेकडे वळून, बघणार म्हणजे गोडीने बोलणार असं कुणी समजू नये, हेही तिने बजावून टाकलं.

इतके आठवडे जे ऐकायला जानकीचा जीव आसुसला होता तेच तिने ऐकलं, आणि ऐकल्यावर तिला रडू कोसळलं. आईला हे सगळं किती महाग पडलं होतं ते तिला कळत होतं. जावेचा शेजार एका पारड्यात आणि लेकीचं वर्ष दुसऱ्यात, असं तोलून सुभद्रेने हाक मारली होती. पण तरीही, त्या दोघी पाट्याशी बसल्या होत्या, वाटपाचा वास घरभर सुटला होता, आणि त्यात तिला जागा नव्हती. कट्ट्याच्या मोटारीपर्यंत तिला पोचवायलासुद्धा त्या दोघी आल्या नाहीत. आमटी उतू जाईल म्हणाल्या.

कोल्हापुरात सरांनी तिला ओळखलं, प्रश्नही त्यांच्या लक्षात होता. प्रयोगशाळेतच, उभ्या उभ्याच विचारला. जानकीने सांगितलं. ओढ नसते, वरची जागा परवडत नाही म्हणून एकत्र राहतात, आणि दोघं उलट असतात म्हणून निसर्ग राहू देतो. सर खूश झाले. इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं म्हणाले, कुठून शिकलीस? गावी, म्हणाली.

"बरं," सर म्हणाले, "आणि तिसरा आला तर?"

"तिसऱ्याला वर जावं लागतं, सर."

अगदी बरोबर, म्हणून सर पुढच्या टेबलाकडे वळले. जानकीने तोंड फिरवलं आणि स्वच्छ धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा एकदा धुवायला घेतल्या, कारण डोळे भरून आले होते आणि समोरचं काही दिसत नव्हतं.